दऱ्या, दर्या आणि न सापडलेला ॲटलस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नववीतला एक मुलगा गेल्या जूनमध्ये आमच्या वाचनालयात ॲटलस मागायला आला. आमची ग्रंथसूची आता संगणकावर असल्यामुळे त्याने आपल्या मोबाइलवरच ती उघडली, शब्द टाइप केला आणि पडद्यावर उत्तर आले की अशी एकही नोंद नाही. तो उभा होता त्याच्या पाठीमागच्या कपाटात तीन ॲटलस होते. त्यांतला एक तर मीच दोन वर्षांपूर्वी दाखल नोंदवहीत चढवून संगणकात नोंदवला होता. मुलाच्या हातात पुस्तक दिले, पण तो गेल्यावर मी त्या तिन्ही नोंदी उघडून बसले. त्यातून जे समजत गेले ते मराठीत लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या कामाशी निगडित आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या तीन नोंदींत 'ॲ' हे अक्षर तीन निरनिराळ्या प्रकारांनी साठवले गेले होते. पहिल्या नोंदीत आधी 'अ' आणि त्यानंतर सुटा चंद्र असे दोन सांकेतांक, म्हणजे संगणक अक्षरांसाठी साठवतो ते क्रमांक, होते. दुसरीत त्याच दोन सांकेतांकांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारे, रुंदीच नसलेले एक जोडचिन्ह होते. तिसरीत हिंदी वळणाचा, 'ए'वर चंद्र दिलेला स्वर होता. मुलाच्या मोबाइलने मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतील अक्षरांना सांकेतांक देणाऱ्या मानकात, या अक्षरासाठी नेमून दिलेला स्वतंत्र सांकेतांक, म्हणजे ०९७२, पाठवला होता. आपण ज्याला एक अक्षर समजतो त्याची संगणकाच्या लेखी ही चार वेगवेगळी रूपे झाली आणि चारांतले कोणतेही दोन एकमेकांना ओळखत नव्हते.

हे असे का झाले याचा शोध घेताना कोणा एकाला दोषी धरता येईना. युनिकोडमध्ये 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली ती ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. तोवर ज्यांनी इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर मराठी टंकलेखन शिकले त्यांच्या बोटांना शिफ्टसह डी दाबून 'अ' आणि शिफ्टसह दोनचा आकडा दाबून चंद्र ही सवय लागलेली होती, आणि बोटांची सवय नव्या आवृत्तीने सुटत नाही. पुढे अनेक संगणकांवर 'अ' आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटू लागले, तेव्हा ते घालवण्यासाठी मध्ये अदृश्य जोडचिन्ह टाकण्याची युक्ती कोणीतरी काढली. ती टंकलेखनाच्या साधनांत शिरली, तिथून कार्यालयांत गेली आणि वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही पोहोचली. प्रत्येकाने आपल्यापुरता प्रश्न सोडवला आणि त्या सोडवणुकींची बेरीज होऊन आमच्या कपाटातले पुस्तक हरवले.

आमचे वाचनालय कोहा ही संगणकप्रणाली वापरते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातील वाचनालयांसाठी ती तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत प्रथम वापरात आली. कोहा हा माओरी शब्द असून त्याचा अर्थ भेट असा होतो. तिचा सगळा मजकूर, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींनी बनतो त्या ओळी, कोणालाही वाचता आणि बदलता येतात. ज्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान पुस्तके, वीजबिल आणि दोन पगार यांतच संपते, त्याला ही प्रणाली परवाना-शुल्काशिवाय मिळते, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोठी आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जी तक्रार आहे ती कोहाविरुद्ध नाही. नोंदी चुकीच्या होत्या त्या आमच्या हातून आणि आमच्या आधीच्या हातांनी.

खरा वाद ठिपक्यांच्या वर्तुळाचा आहे. देवनागरीतली अक्षरे पडद्यावर जुळवण्याचे, म्हणजे वेलांटी व्यंजनाच्या आधी नेण्याचे, रफार वर चढवण्याचे, जोडाक्षर बांधण्याचे काम फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस हा कार्यालयीन संच या सर्वांत हार्फबझ नावाचा एकच मुक्तस्रोत, म्हणजे कोहासारखाच सर्वांना खुला, भाग करतो. (त्या नावातला फारसी हर्फ आपल्याकडे 'तोंडातून हरफ न काढणे' यात आहे.) ही एकच यंत्रणा सर्वत्र असण्याचा फायदा मी स्वतः घेतला आहे. लिबरऑफिसने २०१७ साली ५.३ या आवृत्तीपासून सर्व संगणकांवर हार्फबझ वापरायला सुरुवात केली. त्याआधी विंडोजवर नीट दिसणारा आमचा अहवाल लिनक्सवर उघडला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटत, कारण दोन्हीकडे अक्षरे जुळवणारी यंत्रणा वेगळी होती. परंतु एकच यंत्रणा असली की तिथे घेतलेला निर्णय सगळ्यांवर लागू होतो. 'अ'नंतर सुटा चंद्र आला तर हार्फबझ त्या दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घालते. ज्या यादीनुसार हे घडते ती मायक्रोसॉफ्टच्या अक्षरजुळणीच्या नियमांतून आलेली आहे, आणि युनिकोडच्या ग्रंथात देवनागरीच्या प्रकरणात जो तक्ता आहे त्यातही 'ॲ'साठी ही जोडी वापरू नये असेच म्हटले आहे.

विकसकांची बाजू मी मन लावून वाचली आणि ती हलकी नाही. दोन वेगळे सांकेतांक-क्रम पडद्यावर हुबेहूब सारखे दिसू दिले तर लिहिणाऱ्याला आपली चूक कधीच कळणार नाही, शोध फसत राहील, आणि सारख्या दिसणाऱ्या नावांचा गैरफायदा घेऊन फसवणूक करणेही सोपे होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या ॲटलसचे नेमके तेच झाले होते. तरीही या निर्णयाच्या अंमलबजावणीशी मी सहमत नाही. इशारा लिहिणाऱ्याला द्यायचा आहे, पण वर्तुळ दिसते ते वाचणाऱ्याला. जी बातमी, जो लेख, जी पुस्तकनोंद कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवली, ती आज वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते दुरुस्त करण्याचा अधिकारही नाही आणि साधनही नाही. त्याला फक्त तुटलेली मराठी दिसते आणि मराठी संगणकावर अशीच दिसते असा त्याचा समज होतो. शिवाय वर्तुळ पाहून टंकलेखकाने चूक सुधारली असती तर गोष्ट वेगळी, पण प्रत्यक्षात त्याने अदृश्य जोडचिन्ह घातले आणि दोन चुकीच्या रूपांत तिसऱ्याची भर पडली. दटावणीने शिस्त आली नाही, पळवाट तयार झाली. चूक टाइप होते त्या क्षणी कीबोर्डने ती दुरुस्त करून योग्य सांकेतांक द्यावा, शोधयंत्रणेने चारही रूपे एक मानावीत आणि जुना मजकूर वाचताना मात्र तो नीट दाखवावा, अशी माझी भूमिका आहे.

'ॲ'पेक्षाही नाजूक प्रश्न 'दऱ्या'तल्या अर्ध्या 'र'चा आहे. डोंगरांतल्या त्या दऱ्या आणि समुद्र तो दर्या. स्वयंपाक करतो त्या आचाऱ्यास पैसे द्यायचे आणि गुरू असतात त्या आचार्यांस नमस्कार करायचा. हा फरक मराठी माणूस एका आडव्या रेघेवर ओळखतो. युनिकोडच्या कागदपत्रांत या रेघेला पापणीचा 'र' म्हटले आहे. ती साठवण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही अधिकृत आहेत. युनिकोडच्या २.० या आवृत्तीत साधा 'र', मग हलन्त, मग अदृश्य जोडचिन्ह असा क्रम होता. पुढे इस्की या भारतीय मानकाशी जुळवून घेताना खाली नुक्ता असलेला 'ऱ' आणि त्यानंतर हलन्त हा क्रम मान्य झाला, आणि जुना मजकूर बिघडू नये म्हणून पहिलाही चालू ठेवला गेला. यातला पहिला मार्ग एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभा आहे. मजकूर एका प्रणालीतून दुसरीकडे जाताना अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची काळजी पुष्कळ ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली घेतली जाते, आणि ते चिन्ह गळाले की आपली दरी समुद्रात जाते. शब्द तुटत नाही, वर्तुळ येत नाही, शुद्धलेखन तपासनीसही गप्प राहतो, कारण 'दर्या' हाही शुद्ध शब्द आहे.

मग पहिला मार्ग सरळ बंदच का करू नये, असे मलाही सुरुवातीला वाटले. त्याचे उत्तर नेपाळीत आहे. नेपाळी भाषेतही क्रियापदांच्या रूपांत हाच आडवा 'र' येतो, पण त्यांच्या वर्णमालेत 'ऱ' हे अक्षर नाही, त्यामुळे त्यांचे लेखन साध्या 'र'वर आणि जोडचिन्हावर चालते. आपल्याला जी अडगळ वाटते ती शेजारच्या भाषेची वहिवाट आहे. एक लिपी अनेक भाषांनी वाटून घेतली की असे प्रश्न येणारच, आणि कोणत्याही एका भाषेच्या लोकांनी आग्रह धरून ते सुटत नाहीत.

कोहामध्ये शोधाची यादी बांधण्याचे काम सहसा झेब्रा नावाचा वेगळा भाग करतो आणि देवनागरीसाठी त्याला आयसीयू (युनिकोड मजकूर हाताळणारा मुक्तस्रोत संग्रह) या पद्धतीने चालवावे लागते. या पद्धतीत एका साध्या फाइलमध्ये नियम लिहिता येतात, की अमुक क्रम दिसला तर यादीत तो तमुक समजावा. माझ्या भाच्याच्या मदतीने मी ते नियम लिहायला घेतले. पहिल्या प्रयत्नात आम्ही सगळी अदृश्य चिन्हे सुरुवातीलाच काढून टाकण्याचा नियम वर ठेवला, आणि 'ॲटलस' सापडू लागला याचा आनंद मानत असतानाच 'दऱ्या' शोधल्यावर समुद्रावरची पुस्तके येऊ लागली. नियमांचा क्रम उलटा झाला होता. आधी साधा 'र', हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांना 'ऱ' व हलन्त यांत बदलायचे, 'अ' आणि चंद्राच्या सर्व रूपांना ०९७२ करायचे, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढायची, हे कळायला आम्हाला तीन रविवार लागले. मूळ नोंदींना हात न लावता फक्त शोधाच्या यादीत हा बदल होतो, त्यामुळे काही चुकले तर यादी पुन्हा बांधली की झाले. एकाच अक्षराची वेगळी रूपे एक मानण्याचे युनिकोडचे जे नियम आहेत त्यांनी हे आपोआप होईल अशी माझी समजूत होती, पण त्या नियमांत ही रूपे एक मानलेली नाहीत, आणि साठवलेले जुने दस्तऐवज बिघडू नयेत म्हणून ते नियम न बदलण्याचे बंधन युनिकोडने स्वतःवर घालून घेतले आहे.

याच सुमारास मी एका मुक्त प्रकल्पाकडे वर्तुळाबद्दल तक्रार नोंदवली. मराठी अक्षर तुटते, कृपया दुरुस्त करावे, एवढेच लिहिले आणि सोबत मोबाइलवर काढलेला फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी ती तक्रार 'दोष नाही, मानकानुसार आहे' असा शेरा मारून बंद झाली. मला राग आला हे मान्य करते. आपली भाषा कोणी परदेशात बसून आपल्याला शिकवतो आहे असे वाटले. पण पुढच्या आठवड्यात मी जुन्या तक्रारी वाचत गेले तेव्हा लक्षात आले की मराठीच्या बहुतेक तक्रारी माझ्यासारख्याच होत्या. कोणता फाँट, कोणती आवृत्ती, कोणता कीबोर्ड, नेमके कोणते सांकेतांक, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, यातले काहीच त्यांत नव्हते. ज्याला मराठीचे एक अक्षर येत नाही आणि जो संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर हे काम विनामूल्य करतो, त्याने त्या फोटोवरून काय ओळखावे? पुढची तक्रार मी सांकेतांकांसह लिहिली, 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचा अर्थ दिला, नेपाळीचा उल्लेख केला, आणि वर्तुळाऐवजी कीबोर्ड व शोध यांत काय करता येईल ते मांडले. ती आजही उघडी आहे. तिच्यावर चर्चा चालू आहे, दोन जण माझ्याशी असहमत आहेत आणि त्यांतल्या एकाने दाखवलेली अडचण, ऍ हा स्वर हिंदीत नेहमीच्या वापरात असल्यामुळे कीबोर्डने तो परस्पर बदलणे योग्य नाही, ही मला पटलीही आहे.

मानकाचा आधार घेऊन चर्चा संपवण्याची प्रवृत्ती विकसकांमध्ये आहे, हे मात्र स्पष्ट लिहायला हवे. मानक हे माणसांनी केलेले असते आणि ते बदलते. 'ॲ' त्यात नव्हता, २००८ साली आला. कर्सर कुठे थांबावा आणि एक अक्षर म्हणजे कुठून कुठपर्यंत, याचे युनिकोडचे नियम अनेक वर्षे 'क्ष'सारखे जोडाक्षर मधोमध तोडत होते; पाढ्यांबरोबर बाराखडी शिकलेल्या कोणालाही ते मान्य झाले नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये १५.१ या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिपींसाठी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम आला. त्या त्या भाषांत काम करणाऱ्यांनी उदाहरणे देऊन पाठपुरावा केल्याशिवाय असे बदल होत नाहीत.

'ल' आणि 'श' यांच्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याची चर्चा पुष्कळ होते. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हे मराठी वळण राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिले आहे. मराठी आणि हिंदी वळणांना युनिकोडमध्ये वेगळे सांकेतांक नाहीत, आणि ते नसणे योग्यच आहे, नाहीतर शोधाचा आणखी एक गुंता झाला असता. अनेक मुक्त फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात. मजकूर मराठी आहे असे प्रणालीला सांगितले की मराठी वळण येते. लिबरऑफिसमध्ये ती भाषा जटिल लिपींच्या रकान्यात निवडावी लागते, आणि हा रकाना पाश्चात्त्य भाषांच्या रकान्यापासून वेगळा का, हे नव्या माणसाला कधीच कळत नाही. वापरकर्त्यांची ती जुनी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

आता आपल्याकडे एक विनंती. आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावर मी गेल्या महिन्यात एकाच दिवसाच्या बातम्यांत 'ॲड.' हे वकिलांच्या नावापुढचे संक्षिप्त रूप शोधून पाहिले, तर ते दोन प्रकारांनी लिहिलेले आढळले. एका प्रकाराने शोधले की दुसऱ्या प्रकारच्या बातम्या येत नाहीत. वीस वर्षांनी कोणी अभ्यासक आपल्या दप्तरातून एखाद्या खटल्याची माहिती काढायला बसेल तेव्हा निम्मी माहिती त्याच्या हाती लागणार नाही, आणि ती नाही हे त्याला कळणारही नाही. बातमी संकेतस्थळावर चढण्याआधी 'ॲ' आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' यांची रूपे एक करणारा नियम आपल्या संगणक विभागाला सहज बसवता येईल. शासनाच्या मराठी भाषा विभागानेही वर्णमालेच्या निर्णयात अक्षरांच्या वळणाबरोबर त्यांचे सांकेतांक छापावेत, म्हणजे कीबोर्ड बनवणाऱ्यांना आणि विकसकांना दाखवायला एक अधिकृत कागद हाती येईल. आज आम्ही तक्रार नोंदवतो तेव्हा 'मराठीत हे कोणी ठरवले?' या प्रश्नाला दाखवण्यासारखे आमच्याकडे काही नसते.

पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी तरुणांना मी एवढेच सांगेन की यातल्या बऱ्याच कामाला प्रोग्राम लिहिता येण्याचीही गरज नाही. कोहामध्ये कोणताही बदल स्वीकारण्याआधी तो लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी चालवून पाहून त्यावर आपली संमती नोंदवावी लागते, आणि त्यासाठी नेटवर तयार असलेल्या चाचणीच्या जागा ग्रंथपालांसाठीही खुल्या असतात. मराठी वाचता येणारा माणूस तिथे नसल्यामुळे मराठीसाठीचा बदल पडून राहतो, ही स्थिती मी पाहिली आहे. मी स्वतः अशा दोन बदलांची तपासणी केली. प्रत्येकाला एक दुपार लागली.

आमच्या नियमांची फाइल अकरा ओळींची आहे. तीत प्रत्येक ओळीखाली मराठीत खुलासा आहे आणि चुकीच्या क्रमाने काय झाले होते तेही लिहून ठेवले आहे. कोहा वापरणाऱ्या ज्या वाचनालयाला ती हवी असेल त्याने आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत कळवावे, मी पाठवीन. तिच्यात 'ऱ्ह'चे एक उदाहरण अजून नीट सुटलेले नाही. ते कोणाला सुटले तर मलाही कळवावे.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल